कंपासपेटीतली राणी

माळ्यावरचं सामान खाली काढताना परवा माझी जुनी कंपासपेटी सापडली. पत्र्याची आहे. झाकणावरचं चित्र केव्हाच पुसून गेलंय. उघडली तर आत ना कर्कटक, ना कोनमापक. तळाशी कापसाचा पिवळट पडलेला थर आणि त्याला चिकटलेला मेणाचा एक तपकिरी तुकडा. सौ. म्हणाली, "ही कशाला जपून ठेवलीय?" मी काहीतरी पुटपुटलो आणि पेटी बंद केली. पण तो मेणाचा तुकडा काही डोक्यातून जाईना. म्हणून आज लिहायला बसलो.

मी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. २००८ साली निवृत्त झालो. निवृत्त मास्तराला एकतर भाषणांचा नाद लागतो नाहीतर छंदांचा. माझ्या वाट्याला मधमाश्या आल्या. महाबळेश्वरला जाऊन मधपाळीचं प्रशिक्षण घेतलं, दोन पेट्या घेतल्या आणि दिघाशीला घरामागच्या जांभळाखाली मांडल्या. भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आणि हल्ली गोदामं आठवतात. पण तालुक्याच्या वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या अंगाला अजून भाताची खाचरं आहेत, भात निघालं की वाल आहे, करंज, ऐन, जांभूळ आहे. माशीला एवढं पुरतं.

आपल्याकडे आग्या, फुलोरी, सातेरी आणि पोयाची असे माश्यांचे चार प्रकार लोक पूर्वीपासून ओळखतात. आग्या उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते, ती पेटीत राहत नाही. सातेरी अंधारात, झाडाच्या ढोलीत नाहीतर वारुळात, एकाशेजारी एक अशी पोळी लावते. सात पोळी लावते म्हणून सातेरी, असं सांगतात. पेटीत पाळायची ती हीच. स्वभावाने गरीब, पण मानी. एखाद्याने फार छळलं तर भांडत बसत नाही, सगळा संसार टाकून निघून जाते.

आता ज्याच्यामुळे हे लिहितोय त्याच्याकडे येतो. त्याचं नाव इथे लिहिणार नाही. गावापासून अडीच-तीन किलोमीटरवरच्या कातकरीवाडीतला माझा माजी विद्यार्थी. आठवीत असताना गृहपाठ केला नाही म्हणून मी त्याच्या हातावर पट्टी मारली होती. आडवी नाही, उभी. त्या काळी मारत असत सगळेच, असं म्हणून मी पुष्कळ वर्षं काढली. तो दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी आला नाही, मग कळलं की घरची मंडळी वीटभट्टीवर गेली आणि त्यांच्याबरोबर तोही गेला. भट्टीवर तो कदाचित गेलाच असता. तरी पट्टी आणि भट्टी ही दोन्ही माझ्या मनात एकमेकांना चिकटूनच आहेत.

२०१० साली तो भेटला. लग्न झालेलं, दोन मुलं. वडील अजून ढोलीतला मध काढायचे, तोही त्यांच्याबरोबर जायचा. मी म्हटलं, "अरे, पोळं पिळून मध काढला की आतली पिल्लं मरतात. पेटी ठेव. मी शिकवतो." निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणाला तरी शिकवायला मिळत होतं, त्यामुळे माझा आवाज जरा वर्गातलाच लागला असणार. त्याने मान डोलावली. वडिलांनी एका वारुळातली सातेरी अलगद काढून पेटीत बसवून दिली. ते काम त्यांनी उघड्या हातांनी केलं, जाळी न घालता. मी धुराडं घेऊन बाजूला उभा होतो.

वर्षभर पेटी छान चालली. मग मी ती बिघडवली. एकदा नाही, तीनदा.

पहिली चूक मला कळलीसुद्धा नाही. तपासणी करताना एक चौकट घाईने परत सरकवली आणि दोन चौकटींच्या मध्ये राणी चिरडली गेली. राणी गेल्याचं माश्यांना काही तासांत कळतं. त्या लगेच कामाला लागतात. कामकरी माशी होणाऱ्या अंड्यातून निघालेलीच एखादी कोवळी अळी निवडतात, तिच्या भोवतीची कोठडी मोठी करतात आणि तिला राजान्न भरवत राहतात. तीच अळी राणी होते. भुईमुगाच्या शेंगेसारखं, तोंड खाली करून लोंबणारं हे राणीघर एकदा पाहिलं की विसरत नाही.

दहा दिवसांनी मी पेटी उघडली तर अशी चार-पाच राणीघरं दिसली. प्रशिक्षणात शिकलो होतो की फुलोरा आला की वसाहत फुटायला बघते आणि त्याआधी राणीघरं बांधते. फुटू द्यायची नसेल तर ती काढून टाकावीत. मी चाकूने सगळी काढून टाकली. पोळ्यात एकही अंडं नाही हे पाहिलंच नाही. फुटायच्या तयारीतली राणीघरं बहुधा पोळ्याच्या खालच्या कडेला असतात. संकटात बांधलेली पोळ्याच्या मध्येच कुठेतरी. ही मध्ये होती. पुस्तकात चित्र होतं, मी ते पाहिलंही होतं. ही दुसरी चूक. तोवर पोळ्यातल्या अळ्यांचं राणी होण्याचं वय उलटून गेलं होतं. आता त्या माश्यांना स्वतः राणी करता येणार नव्हती.

तिसऱ्या चुकीकडे येण्याआधी थोडा इतिहास सांगतो. तो मी नंतर वाचला, आधी वाचला असता तर बरं झालं असतं.

पोळ्यात राज्य करणारी बाई आहे, हे माणसाला फार उशिरा कळलं. प्रश्नोपनिषदात पिप्पलाद ऋषी प्राण आणि इंद्रियांचं नातं समजावताना मधमाश्यांचा दाखला देतात. मधमाश्यांचा राजा वर उठला की सगळ्या माश्या त्याच्यामागे उठतात, तो बसला की सगळ्या बसतात. निरीक्षण किती नेमकं आहे पाहा. थवा उडताना कुणीतरी पाहिला असल्याशिवाय हे लिहिता येणार नाही. फक्त तो 'राजा' आहे. ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलही पोळ्याच्या प्रमुखाला राजाच समजत होता. मी तीस-पस्तीस वर्षं वर्गात राजेच शिकवले, त्यामुळे मला या दोघांना हसण्याचा अधिकार नाही. इंग्लंडमध्ये चार्ल्स बटलर याने १६०९ साली मधमाश्यांवरच्या पुस्तकाच्या नावातच हे स्त्रीराज्य आहे असं सांगितलं, आणि पुढे हॉलंडच्या स्वामरडॅमने सूक्ष्मदर्शकाखाली चिरफाड करून 'राजा'च्या पोटातले अंडाशय दाखवले.

साध्या अळीपासून राणी होते हे अठराव्या शतकात जर्मनीतल्या लुसेशियाच्या शिराख नावाच्या धर्मोपदेशकाने दाखवलं. लोकांनी विश्वास ठेवला नाही. त्याची खात्री करून घेतली ती जिनिव्हाच्या फ्रान्स्वा ह्यूबरने.

या ह्यूबरवर माझा जीव जडला आहे. जन्म १७५०. पंधराव्या वर्षापासून त्याची दृष्टी जाऊ लागली आणि पुढे तो पूर्ण आंधळा झाला. ज्या मुलीशी लग्न ठरवलं होतं तिच्या वडिलांचा विरोध होता. ती सज्ञान होईपर्यंत थांबली आणि मग तिने त्याच्याशीच लग्न केलं. ती त्याला वाचून दाखवायची. आणि त्याच्या घरी फ्रान्स्वा ब्यूर्नां नावाचा एक नोकर होता. प्रश्न ह्यूबरचे, डोळे आणि हात ब्यूर्नांचे. दोघांनी मिळून एक पेटी केली, तिच्या चौकटी पुस्तकाच्या पानांसारख्या उलगडायच्या. पोळं फोडायचं नाही, वाचायचं. कामकरी माश्याही कधी अंडी घालतात का, हे पाहायचं होतं तेव्हा ब्यूर्नांने दोन पेट्यांतली एकूणएक माशी हातात घेऊन तपासली. अकरा दिवस लागले. डंख किती खाल्ले असतील! राणीची अळी कोष विणते तो अर्धवट विणते, मागचा भाग उघडा ठेवते, म्हणजे आधी जन्मलेल्या दुसऱ्या राणीची नांगी तिथे पोचू शकते, हेही या दोघांनी पाहिलं. 'पाहिलं' हा शब्द इथे कसा वापरायचा तेच कळत नाही. १७९२ साली पुस्तक निघालं. आंधळ्या माणसाने मधमाश्यांकडे सगळ्यात नीट पाहिलं, असं जग म्हणतं. मला मात्र वाचताना सारखा तो नोकर दिसतो.

पुढे १८५१ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथने, माश्या पोळ्यांच्या मध्ये येण्याजाण्यापुरती किती जागा मोकळी सोडतात हे ओळखून, हलत्या चौकटींची पेटी केली. आणि त्याच देशातल्या डूलिटलने १८८९ साली राणी-पैदाशीवर पुस्तक लिहिलं. त्याची कृती आजही थोड्याफार फरकाने सगळीकडे चालते. वितळलेल्या मेणात लाकडी दांडी बुडवून राणीघराच्या वाट्या करायच्या, काडीच्या टोकाने कोवळी अळी उचलून त्या वाटीतल्या राजान्नावर ठेवायची, आणि बिनराणीच्या माश्यांकडे सोपवायचं. वाट्या करण्यासाठी त्याने घेतली ती दांडी म्हणजे गवत ओढायच्या लाकडी दाताळ्याचा दात होता. शेतकरी माणूस, हाताशी असेल ते घेणार.

आपल्याकडे ही विद्या वाकड्या वाटेने आली. दक्षिणेत त्रिचनापल्लीच्या फादर न्यूटन यांनी १९११ ते १९१७ या काळात सातेरीच्या अंगाला बसेल अशी लहान पेटी बेतली आणि गावकऱ्यांना शिकवलं. १९२८ साली शेतीविषयक शाही आयोगाने मधपाळीला जोडधंदा म्हणून शिफारस दिली. १९३४ साली वर्ध्याला गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, त्याच्या कामांत मधमाश्याही होत्या. १९४६ साली महाबळेश्वरला मध संचालनालय सुरू झालं. जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा आणि सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी, या फुलोऱ्यावर तिथे हा धंदा रुजला. १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था झाली. डॉ. देवडीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातेरीचा अभ्यास आयुष्यभर केला. त्याच सुमारास हिमाचलात नगरोटा इथे परदेशी मेलिफेरा माशी यशस्वीपणे वसवली गेली. ती मध जास्त देते म्हणून पुढे देशभर गेली. सातेरीवर मात्र १९९१-९२ मध्ये केरळ-कर्नाटकात थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूचं मोठं संकट आलं आणि वसाहतीच्या वसाहती बसल्या. अशा वेळी हाताने राणी तयार करता येणं याला फार किंमत असते. जी वसाहत रोगात टिकली तिच्याच राण्या वाढवायच्या. रानातून नव्या वसाहती उपटून आणायच्या नाहीत. असो. पुन्हा कंपासपेटीकडे.

माझ्या घरच्या एका पेटीत त्या वेळी फुटायच्या तयारीतली राणीघरं आली होती. म्हटलं, यातली तीन कापून वाडीवर न्यावीत. कल्पना बरोबरच होती. सगळं शास्त्र माझ्या बाजूने होतं, आणि हात नव्हता.

चौकट बाहेर काढली आणि रोजच्या सवयीने माश्या झाडायला एक झटका दिला. मग राणीघरं पोळ्याच्या तुकड्यासकट कापली. ती तोंड बंद होऊन दोन-तीन दिवसच झाले असतील. कंपासपेटीत कापूस घातला, त्यावर तिन्ही आडवी ठेवली, झाकण लावलं. स्कूटरच्या पुढच्या डिकीत पेटी टाकली आणि वाडीच्या रस्त्याने निघालो. तो रस्ता म्हणजे दगड आणि खड्डे. जानेवारीची सकाळ, गारवा होता. वाटेत एकजण भेटला, त्याच्याशी पेन्शनवर पंधरा मिनिटं बोललो.

माझा विद्यार्थी वाट पाहत उभा होता. त्याचे वडील खाटेवर बसले होते. मी ऐटीत पेटी उघडली आणि राणीघरं पोळ्याला काडीने टोचून बसवून दिली.

एक उघडलंच नाही. दुसरं आठवड्याने फोडून पाहिलं तर आत काळी पडलेली अर्धी माशी. तिसऱ्यातून राणी निघाली. लांब, देखणी. पण पंख चुरगळलेल्या कागदासारखे. राणीचं मीलन उंच हवेत होतं, हे स्लोव्हेनियाच्या यान्शाने १७७१ च्या सुमारास सांगून ठेवलंय. जिला उडता येत नाही तिचं मीलन होत नाही, आणि मीलन न झालेल्या राणीच्या अंड्यांतून फक्त नर निघतात. महिन्या-दीड महिन्यात पेटीत नरच नर दिसू लागले. कामकरी माश्या म्हाताऱ्या होऊन कमी होत गेल्या. शेवटी मेणाच्या अळ्यांनी पोळी पोखरली.

मी पुन्हा पुस्तक घेऊन बसलो. युरोपच्या माशीचा हिशेब असा की राणी अंड्यापासून सोळाव्या दिवशी बाहेर येते. कामकरी एकविसाव्या, नर चोविसाव्या. सातेरीचं वेळापत्रक यापेक्षा किंचित आखूड. राणीचे पहिले तीन दिवस अंड्याचे, पुढचे पाचेक अळीचे, मग घराचं तोंड बंद. बंद घराच्या छताला राजान्न असतं आणि अळी त्याला बिलगलेली असते, डोकं खाली. धक्का बसला की ती तिथून सुटते आणि मग ना खाणं ना जागा. पुढे कोषात शरीर घडू लागतं, पंख फुटतात. ते दिवस सगळ्यात नाजूक. तेव्हा घर हलवलं, उलटं-आडवं केलं किंवा गार पडू दिलं तर पंख वेडेवाकडे होतात. पोळ्याच्या पिल्लांच्या भागात माश्या चौतीस-पस्तीस अंश ऊब राखतात, थंडीत अंग थरथरवून राखतात. मी कापूस घातला होता.

म्हणून जाणती माणसं राणीघराला हात लावतात ते राणी निघायला एक-दोन दिवस उरले असताना. तेव्हा टोकावरचं मेण कामकरी माश्या कुरतडून काढतात आणि खालचा तपकिरी कोष दिसू लागतो. ती खूण. त्या चौकटीवरच्या माश्या झटकायच्या नाहीत, मऊ कुंच्याने सारायच्या. घराला मुळाशी धरायचं, टोकाशी नाही. जसं लोंबत होतं तसंच उभं न्यायचं, टोक खाली.

हे सगळं मी विद्यार्थ्याला आणि त्याच्या वडिलांना सांगायला गेलो. माफी मागायची होती, पण तोंडून व्याख्यान निघालं. म्हातारा ऐकत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, बाळंतिणीला कुणी स्कूटरवर नेतं का खड्ड्यातनं?" एवढंच. रागाने नाही, खरंच विचारल्यासारखं. मुलगा खाली बघत होता. हातावर पट्टी बसली तेव्हाही तो असाच खाली बघत होता.

मी म्हणालो, "चुकलो." दोन्हींबद्दल म्हणालो की एकाच, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढच्या हंगामात म्हाताऱ्याने करंजाच्या ढोलीतली दुसरी सातेरी काढली आणि तीच पेटी धुऊन, उन्हात तापवून पुन्हा भरली. मला बोलावलं नाही. मी आपणहून गेलो आणि लांबून पाहिलं. पुढे ते वारले. मुलाने पेट्या वाढवत नेल्या. अळी उचलून वाटीत ठेवायचं काम तो माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं करतो. माझा चष्मा आणि थरथर या दोन्हींना ते काम आता झेपत नाही. २०२२ साली महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं, ती बातमी मी त्याला वाचून दाखवली तेव्हा त्याने विचारलं, "सर, तिथे राण्या विकत मिळतात का?" मी म्हटलं, "तुला कशाला हव्यात विकत?"

या जानेवारीत माझ्या जांभळाखालच्या पेटीतली राणी म्हातारी झाली, अंडी विरळ पडू लागली. त्याला फोन केला. म्हणाला, सहा दिवसांनी आणतो, अजून पिकलेलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी आला. सदऱ्याच्या वरच्या खिशात बुचाला टोचलेलं एक राणीघर, टोक खाली, अंगाच्या उबेत. पायात धुळीने भरलेल्या चपला. दारात गाडी दिसेना.

"चालत आलास एवढा?"

"गाडीवर हलतं, सर."

सौ. चहा टाकायला आत गेली. त्याने जुनी राणी शोधून बाजूला काढली, चौकटी बोटभर सरकवल्या आणि राणीघर दोन पोळ्यांच्या मध्ये, पिल्लांच्या वरच्या अंगाला बसवलं. मी झाकण धरून उभा होतो. तो म्हणाला, "आता ठेवा. हळू."

मी ठेवलं.